चौदा नंबरची कुरकुर

“पंधरावाले आता फार दिवस त्या खुर्चीवर दिसायचे नाहीत. हा सिनेमा शेवटपर्यंत बघितला की म्हणे ते...”

झाडूवाल्या मावशी कॅन्टीनवालीला एवढं सांगतात तोच मॅनेजर आला. मावशींनी उरलेलं वाक्य गिळलं आणि केर काढायला लागल्या. माझा जीव टांगणीला लागला.

मी या थिएटरातली चौदा नंबरची खुर्ची बोलतेय. पंधरा म्हणजे माझा सख्खा शेजार. शेजारी काय चाललंय ते कळलं नाही तर मला चैन पडत नाही. पाय जमिनीला ठोकलेत, नाहीतर उठून विचारून आले असते.

माझा जन्म कारखान्यातला. लाल रेक्झिन, लाकडी हात, अगदी नवरीसारखी आले होते. पुढे एक वजनदार गृहस्थ हसता हसता माझ्यावर आदळले आणि माझी स्प्रिंग गेली. तेव्हापासून कुणी बसलं की मी कुरकुरते. लोक खिडकीवर सांगतात, चौदा सोडून कुठलीही द्या.

पंधरावाले म्हणजे चष्मेवाले. बायको गेल्यावर त्यांनी चष्म्याचं दुकान बंद केलं. घरी बोलणारा फक्त नळ, तोही गळका. म्हणून रोज दुपारी इथे. सिनेमा हिंदी. दोन अनोळखी माणसं जीव द्यायला एकाच पुलावर येतात आणि आधी कोण यावरून भांडतात. थिएटरात बघणारे पाच-सहा जण. चष्मेवाले इंटरव्हलला उठून जायचे.

दुसऱ्या दिवशी डोअरकीपरने त्यांना अडवलं. हा माणूस तीस वर्षं दारात बॅटरी घेऊन उभा. कुणाशी धड बोलेल तर शपथ.

“अहो चष्मेवाले, उरलेला सिनेमा काय घरी नेऊन बघता?”

“शेवट बघितला की माझं काम संपलं.”

“कसलं काम?”

“जगायचं. एवढी एकच गोष्ट अर्धी राहिलीय. दिवस ठरत नाही, म्हणून अर्ध्यावर उठतो.”

डोअरकीपरने त्यांच्या तोंडावर बॅटरी मारली. “मग थांबलात काय? इंटरव्हल झालं. निघा.”

त्या दिवसापासून इंटरव्हल झालं की हा बॅटरी नाचवत हजर. एकदा चष्मेवाल्यांना डुलकी लागली, तर बखोटीला धरून उठवलं. “तिकीट पूर्ण घेतलंय मी,” ते म्हणाले. “तक्रार करा,” हा म्हणाला. बाहेर नेऊन चहा पाजायचा, वर चहालाही नावं ठेवायचा. असे दोन आठवडे गेले.

मग एका गुरुवारी मॅनेजरने सांगितलं, उद्यापासून नवा सिनेमा.

इंटरव्हल झालं. चष्मेवाले हलले नाहीत.

“आज उठणार नाही,” ते म्हणाले.

डोअरकीपर बॅटरी घेऊन उभा राहिला. मग त्याने ती विझवली आणि माझ्यावर बसला. ड्युटीवर तो कधीच बसला नव्हता. मी केवढ्याने कुरकुरले.

“शेवट काय आहे?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“मला काय माहीत? तेव्हा मी बाहेर तुमच्याबरोबर चहा पीत असतो.”

दोघांनी शेवट बघितला. पुलावरचे दोघे भांडून भांडून दमतात, शेवटची बस चुकते आणि चालत घरी जातात. संपलं.

“हा काय शेवट झाला?” चष्मेवाले चिडले. “आधी कोण, ते ठरलंच नाही.”

“ठरून काय दिवे लावणार होते?”

“काहीतरी निकाल नको?”

दिवे लागले तरी दोघांचं चालूच. मावशी त्यांच्या पायांखालून झाडून गेल्या. “बाहेर जाऊन भांडा,” म्हणाल्या.

डोअरकीपर उठला. “उद्याचा सिनेमा याहून भिकार आहे म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“मी. येऊन बघा.”

चष्मेवाले चष्मा पुसत राहिले. मग तो डोळ्यांवर चढवून निघून गेले.

शुक्रवारी शो सुरू झाला तरी पंधरा रिकामीच. मावशी म्हणाल्या, “मी सांगितलं होतं.” डोअरकीपर दारातून हलला नाही. पडद्यावर नावांच्या पाट्या पडून गेल्यावर चष्मेवाले आले, धापा टाकत. नळवाला आला होता म्हणाले.

ते पंधराकडे वळले, तर हा म्हणाला, “तिथे नाही. चौदावर बसा.”

“ती कुरकुरते.”

“म्हणूनच. अंधारात सारखी बॅटरी मारून बघायला कंटाळा येतो मला.”

तेव्हा मावशींचं निम्मं खरं ठरलं. पंधरावर ते पुन्हा दिसले नाहीत.

आता माझं रेक्झिन फाटलंय, एक हात निखळलाय. काय बदलायचं ते खुशाल बदला. फक्त माझ्या स्प्रिंगला तेल घालू नका. रोज दुपारी दारात एक माणूस कान देऊन उभा असतो.