पुढच्या खोलीची जमीन

मी जमीन बोलतेय. ही, तुझ्या मोज्यांखालची. हस, हस. लाकूड कधी बोलतं का, असंच म्हणशील. मग लाव पैज. मी सांगते त्यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखव. तुझ्यानं व्हायचं नाही.

आसावरी चहा टाकायला आत गेली तशी तू गुडघ्यावर बसलीस आणि माझ्यावर हात फिरवलास. तेव्हाच कळलं तू कशाला आलीस. तुमच्या नव्या घरातलं कार्पेट काढायचंय. पर्समध्ये चार दुकानांचे लाकडाचे तुकडे घेऊन हिंडतेयस. महाग घ्यावं की स्वस्त, या विचारानं जेवण गोड लागत नाहीये. आसावरीला विचारशील तर ती "तुमचं तुम्हीच ठरवा गं" म्हणून मोकळी होईल. त्यापेक्षा मला विचार. चहा उकळेपर्यंत वेळ आहे.

मी ओकच्या लाकडाची. गाव कुठलं ते ठाऊक नाही. दुकानातला माणूस एका गिऱ्हाइकाला फ्रान्स सांगायचा, दुसऱ्याला पोलंड. मीही समोरच्याचं तोंड बघून सांगते. तुला फ्रान्स सांगितलं असतं, तुझे मोजे भारीतले आहेत. शाळा म्हणशील तर करवतीखाली जेवढी झाली तेवढी. मराठी कुठे शिकले? सात वर्षं झाली, ही माणसं माझ्यावरच बसून जेवतात, भांडतात, पुण्याला फोन करतात. दगड असते तरी शिकले असते.

दोन हजार दोन साली शार्दूल आणि आसावरीनं लंडनच्या हॅरोमधलं हे घर घेतलं. शार्दूल सिटीमधल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. खालच्या मजल्यावर आधीच्या लोकांचं जुनं कार्पेट होतं, त्यात कुत्र्याचा वास. त्यांची तनू तेव्हा रांगत होती. पुण्यात जन्मलेली, नुकतीच इकडे आणलेली. पोर त्या वासात तोंड घालते म्हणून आसावरीच्या जिवाला घोर. मग दर शनिवारी दोघं दुकानं हिंडायची.

आम्ही तिघी जणी शेजारी मांडलेल्या असायचो. मी, आरपार लाकूड. मधली, वरून लाकूड आणि खाली चिरोट्यासारखे पापुद्रे. आणि तिसरी लॅमिनेट. ती म्हणजे लाकडाचा नुसता फोटो, दाबलेल्या भुश्यावर चिकटवलेला. दिसायला मात्र माझ्याहून देखणी. शार्दूलला तीच आवडली, कारण किंमत आवडली. आसावरी म्हणायची, जिथे पोर लोळणार तिथे फोटो नको. दुकानातल्या माणसाला दोघांचंही पटायचं, त्याला काय.

शेवटी आमचे तुकडे घरी आणले. शार्दूलची आई आशाबाई तेव्हा इथेच होती. झाडाची वर्षं धरली तर माझ्याहून लहान, म्हणून मी एकेरीच बोलते. तिनं पुण्याहून आणलेला खलबत्त्यातला बत्ता काढला आणि एकेकीवर वरून सोडला. फोटोवालीचा कोपरा उडाला. मधलीला खड्डा पडला. मलाही पडला, पण मी हूं का चूं केलं नाही. म्हातारी म्हणाली, ही घ्या, ही सोसणारी आहे.

मग नेहमी होतं तेच झालं. दोघांचंही राहिलं. पुढच्या खोलीत मी आणि मागच्या किचनमध्ये ती फोटोवाली. पाहुणे किचनमध्ये कशाला येतात, असा शार्दूलचा हिशेब. तुम्हा लोकांत पाहुणे आधी किचनमध्येच शिरतात हे तो विसरला.

मला आणल्यावर लगेच ठोकलं नाही. बसवणारा म्हणाला, लाकडाला आधी घराची हवा लागू दे, नाहीतर पुढे फुगेल. दोन आठवडे मी खोक्यांत भिंतीशी पडून. आशाबाईनं वरच्या फळीला हळदकुंकू लावलं, कारण घरात नवी वस्तू आली. तो डाग अजून आहे, सोफ्याखाली. उचलून बघू नकोस, लाजते मी.

ही खोली जुनी. खाली आडव्या तुळया आणि त्यांच्याखाली पोकळी. त्या तुळयांवर मला ठोकलं. म्हणजे मी एक मोठा ढोल झाले बघ. दारात कुणी पाऊल टाकलं की खिडकीपर्यंत थरथर जाते. किचन नंतर वाढवलेलं, खाली काँक्रीट. त्यावर फोमची गादी आणि गादीवर फोटोवाली. तिच्यावर हत्ती नाचला तरी पलीकडे कळायचं नाही. त्या दाराशी आम्ही दोघी एकमेकींना टेकलेल्या. तिकडच्या सगळ्या बातम्या मला तीच द्यायची.

मी स्वभावानं वात्रट. हीटिंग सुरू झालं की माझं अंग आखडतं, तेव्हा रेडिएटरजवळच्या कोपऱ्यात मी मुद्दाम काडकन बोट मोडल्यासारखा आवाज काढायची. आशाबाई जपमाळ टाकून "कोण आहे?" म्हणायची. शार्दूलच्या हातातला चहा सांडायचा. मला त्यात फार मजा.

तनूला मी कधी दचकवू शकले नाही.

आधी वाटलं धीट आहे. मग मी तिच्या अगदी जवळ करकरले, कुरकुरले, दार वाजल्यासारखी वाजले. ती आपली माझ्या रेघांवरून बोट फिरवत बसलेली. आणि शार्दूल बाहेरून आला, दोन पावलं आत टाकली की लगेच मान वळवून हसायची. तेव्हा मला समजलं. पोरीला ऐकू येत नव्हतं. तिला मी कळत होते. तिच्या मांडीला, तळव्यांना, पोटाला.

आता मी कुणाला सांगणार? करकरणं एवढीच माझी भाषा, आणि ती ऐकून लोक म्हणायचे, लाकूड आहे, वाजायचंच.

तनू बोलेना. वर्ष होऊन गेलं, एक शब्द नाही. हिला ऐकू येत नसेल का, असं आसावरीच्या मनात आलं, तिनं घरात विचारूनही पाहिलं. आशाबाई म्हणाली, शार्दूलही उशिराच बोलला. तरी खात्री करू म्हणून तिनं पुण्याच्या पद्धतीनं परीक्षा घेतली. पोरीला इथे बसवलं, तिच्या पाठीमागे स्वतः फतकल मारली, स्टीलचं ताट माझ्यावर उभं टेकवलं आणि पळीनं ठण्णकन मारलं. ताटाचा सगळा दणका माझ्यात उतरला. तनू गर्रकन वळली.

"ऐकते हो," म्हातारी म्हणाली. "नाटकी आहे नुसती. आजोबांवर गेलीय."

सगळे हसले. आसावरीही हसली, तिला हसायचंच होतं. तनूच्या कानांच्या तपासणीसाठी हॉस्पिटलची तारीख आली होती. शार्दूलनं फोन करून सांगितलं, गरज नाही, मुलीला ऐकू येतं.

त्यानंतर कितीतरी महिने गेले. मुलं या वयात शब्द उचलतात म्हणे. ही माझ्यावर पोट टेकून पडायची आणि घरात कोण कुठे चाललंय ते बरोब्बर ओळखायची. आजीची फरफट, आईची भरभर, बाबाची टाच. सगळ्यांना पोर भारी हुशार वाटायची. हुशार होतीच.

मग एका रविवारी किचनमध्ये आसावरीनं आमटीला फोडणी दिली. तेल जरा जास्तच तापलं. मिरच्यांचा धूर वर गेला आणि छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायला लागला. तुमच्या घरीही किंचाळतो, मला माहीत आहे. आशाबाईनं कानांवर हात घेतले. शार्दूल भांडी पुसायचा टॉवेल घेऊन धावला आणि अलार्मखाली वारा घालत उड्या मारायला लागला. शेजारचं कुत्रंसुद्धा भुंकायला लागलं.

तनू खाली बसली होती, सगळ्यांकडे पाठ करून. वाटीत वाटी घालत होती. घालत राहिली.

हे मला फोटोवालीनं सांगितलं. म्हणाली, अगं, पोर हललीसुद्धा नाही, आणि तिची आई पळी हातात धरून तिच्याकडे बघत उभी आहे.

अलार्म थांबला. आसावरीनं तनूच्या पाठीशी उभं राहून हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग ताट उचलून हातात अधांतरी धरलं आणि त्यावर पळी हाणली. वाटीत वाटी. आशाबाई म्हणाली, खेळात गुंगलीय गं ती, पुढच्या खोलीत आण, बघ कशी वळते.

आणली. इथे, तू बसली आहेस ना तिथेच बसवली. आसावरीनं हलायचं नाही असं सगळ्यांना खुणावलं. ताट हवेत धरून वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. काही नाही. मग ती हळूच खाली बसली, ताट माझ्यावर टेकवलं आणि एकदाच मारलं.

तनू वळली आणि खूश होऊन हसली.

या वेळी बाकी कुणी हसलं नाही. आसावरीनं पळी शार्दूलच्या हातात दिली आणि आपला पंजा माझ्यावर पालथा ठेवला. "मार," म्हणाली. त्यानं मारलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"तिला ऐकू येत नाही, शार्दूल. तिला हे कळतं."

"पण मी आलो की वळते ना ती."

"तुझे पाय कळतात म्हणून."

आशाबाई खुर्चीत बसली ती उठेचना. त्यानंतर तिनं ते ताट कधी जेवायला घेतलं नाही, दुसऱ्याला वाढायची.

पुढचं थोडक्यात सांगते, चहाचा वास यायला लागलाय. हॉस्पिटल झालं, तपासण्या झाल्या. कानामागे मशीन आली, नंतर ऑपरेशनही झालं. खुणांची भाषा शिकवायला एक बाई यायच्या. या सगळ्याला आसावरी भिडली. शार्दूलचं मात्र काहीतरी बिनसलं.

तो हळू चालायला लागला. बाहेरून आला की बूट काढायचा, भिंतीच्या कडेकडेनं यायचा. कडेला मी घट्ट ठोकलेली आहे, तिथे मी हलत नाही. त्यानं ते शोधून काढलं होतं. संध्याकाळी त्याची वेळ झाली की तनू दोन्ही हात माझ्यावर पसरून बसायची. वाट बघायची. तो तिच्या मागून मांजरासारखा जिना चढून जायचा. ती बसलेलीच. मी करकरायची, ओरडायची, पण ज्याला ऐकू यायचं तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतकं अवघड कधी गेलं नाही. कुऱ्हाडसुद्धा सोपी होती.

एका संध्याकाळी आसावरीनं त्याला जिन्यापाशी पकडलं.

"स्वतःच्या घरात चोरासारखा काय येतोस?"

त्यानं हातातले बूट खाली ठेवले. म्हणाला, "ती वळली की मला वाटतं, ऐकलं तिनं. दर वेळी वाटतं. मग आठवतं."

"तिनं कधी सांगितलं तुला, ऐकलं म्हणून? बाबा आला, एवढंच सांगत होती ती. ते तर खरं होतं ना?" आणि जरा थांबून म्हणाली, "इतके दिवस ती बसून राहते, तिला वाटतं तू येतच नाहीस. जा. बाहेर जा आणि नीट ये."

तो गेला. दार लागलं. मग उघडलं. आणि शार्दूल माझ्या मधोमध चालत आला, टाचा आपटत, एखाद्या बँडवाल्यासारखा. डोळे पुसत होता, पाय आपटत होता.

तनू वळली. वळली म्हणजे काय, उठलीच.

तर तुझं विचारणं राहिलं. महाग की स्वस्त. फोटोवालीला गेल्या वर्षी टाकून दिलं. सिंकपाशी पाणी मुरून फुगली होती. आशाबाई पुण्याहून आली की दर खेपेला बादलीभर पाणी घेऊन लादीसारखी पुसते, कितीही सांगा. फोटोवालीला बाहेर पावसात कचऱ्याच्या लोखंडी स्किपमध्ये फेकलं. तिथे आता टाइल्स आहेत, गार आणि गप्प. माझं म्हणशील तर खिडकीपाशी रंग उडालाय, सायकलचे ओरखडे आहेत. रंधा मारून घासून घेऊ म्हणतायत, म्हणजे अजून तीस वर्षं मी कुठे जात नाही. तेव्हा हो, परवडत असेल तर माझ्यासारखी घे. पण या घरात खरं कुणी सांगितलं असेल तर ते त्या भुश्याच्या पोरीनं. मी थरथरून सगळ्यांना फसवलं, ती गप्प राहिली म्हणून कळलं. हे माझ्या तोंडून बाहेर पडलं असं कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तरी कोण विश्वास ठेवणार आहे?

आणि घेशील ती घे, पण तिच्यावर जाड गालिचा टाकून तिला मुकी करू नकोस.

चहा आला बघ. आता जा इथून, मला ऊन खाऊ दे. आणि हे बघ, तनू शाळेतून आली की मशीन काढून ठेवते, कान दुखतात तिचे. ती तिकडे खिडकीपाशी, माझ्यावरच, दाराकडे पाठ करून चित्र काढत बसलीय. तिच्या मागून चोरपावलांनी जाऊ नकोस. चांगले पाय आपटत जा.