तादालाच्या पावलाचं माप

आफ्रिकेत, मालावीतल्या मुलांना आम्ही वसईतून चपला पाठवतो असं सांगितलं की लोक विचारतात, तिकडे चपला मिळत नाहीत का. मिळतात. पण आमच्या संस्थेच्या सिस्टरांनी तिथे अनाथ मुलांचं घर काढलं, तेव्हा पहिल्या नाताळला वसईच्या लोकांनी चपला पाठवल्या आणि तीच रीत पडली. आता तिथे चाळीस मुलं आहेत. इथल्या एकेका कुटुंबाने एकेका मुलाची जबाबदारी घेतली आहे, आणि नाताळला त्या कुटुंबातर्फे एक जोड जातो. एका मुलाला एकच, असा नियम आहे.

माप फोनवरून मागवता येत नाही. फोटोत पाऊल लहानमोठं होतं, हे आम्ही एक अख्खं खोकं वाया घालवून शिकलो. म्हणून तिथली मुलं एका रविवारी कागदावर उभी राहतात, पावलाभोवती पेन्सिलीने रेघ ओढतात आणि वर आपलं नाव लिहितात. मे महिन्यात जी सिस्टर सुट्टीवर घरी येते, ती तो गठ्ठा घेऊन येते. ऑगस्टमध्ये खोकी जहाजाने निघतात आणि डिसेंबरात पोचतात. तोवर पाय वाढणारच, म्हणून ॲन्सेल्म अंकल प्रत्येक मापाला बोटभर जास्त धरतात. अंकलचा जन्म चपलांच्या दुकानात गेला, आता ते आमच्याकडे खरेदी आणि बांधाबांध बघतात.

कागदपत्रं माझ्याकडे. मी सुनंदा, नायगावहून येते. चर्चची नाही, पण नऊ वर्षांत ते कुणाच्या लक्षातही राहिलेलं नाही. मला दुसऱ्यांच्या चुका पटकन दिसतात. हा माझा गुण आहे असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

मागच्या वर्षी तादाला नावाच्या मुलीचा कागद आला. वय दहा, आणि पाऊल मात्र चार वर्षांच्या पोरीचं. कागदांची अदलाबदल केली म्हणून मी मनातल्या मनात तिथल्या सिस्टरांच्या नावाने बोटं मोडली. मग तादालाचा आदल्या वर्षीचा कागद काढला, त्यात एका वर्षाची वाढ धरली आणि ते माप अंकलना दिलं. सिस्टरना विचारायला दोन मिनिटं लागली असती. विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

जानेवारीत तादालाचं आभाराचं पत्र आलं. इंग्रजीत, ठळक अक्षरात, दोनच ओळी. ‘चपला मला अगदी बरोबर बसल्या. आभारी आहे.’ मी त्याचं मराठी करून तिच्या इथल्या कुटुंबाला पाठवलं आणि एक झेरॉक्स ऑफिसच्या फळ्यावर लावली. आमच्या प्रमुख रोवेना मॅडमना सगळी हकीकत सांगितली, त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मला ते आवडलंही.

यंदा पुन्हा तादालाचा कागद आला आणि पाऊल पुन्हा लहान. मी पेन्सिल हातात घेतली होती, तेवढ्यात अंकलनी कागद माझ्यासमोरून उचलला आणि मागच्या वर्षीचा मागितला. मी काही फेकत नाही, तो फाइलमध्ये होताच. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. एकच पाऊल होतं, वर्षभरात बोटभर वाढलेलं.

“हा त्या मुलीचा पाय नाही, सुनंदाताई,” अंकल म्हणाले. “करंगळी किती बाहेर पसरलीय बघा. चप्पल घालणाऱ्याची बोटं आत वळतात. या पायात अजून काही गेलेलंच नाही.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

मी तिथल्या सिस्टरना मेसेज केला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. तादालाला थोको नावाची बहीण आहे, पाच वर्षांची. अनाथ मुलांच्या त्या घरात सात वर्षांखालचं मूल घेत नाहीत, म्हणून ती गावात आजीपाशी असते. आजीला दिसत नाही, त्यामुळे लक्ष असं कुणाचंच नाही. रविवारी शेजारीण तिला तादालाला भेटायला आणते. कागद रविवारीच काढतात, हे बोलता बोलताच सिस्टरच्या लक्षात आलं. मग त्यांनी न विचारता आणखी एक सांगितलं. मागच्या नाताळला तादालाने चपला काढून वितीने मोजल्या आणि परत खोक्यात ठेवल्या. आठवडाभर घातल्या नाहीत. सिस्टरना वाटलं, पोरगी कृतघ्न आहे. म्हणून त्यांनी तिला समोर बसवून आभाराचं पत्र लिहायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी रोवेना मॅडमकडे दोन जोडांसाठी भांडले. दुसरा मी आणते म्हटलं. त्या नाही म्हणाल्या. यादीत नाव नसलेल्या एका मुलाला दिलं की दारात गाव उभं राहील, आणि नाही म्हणायची पाळी सिस्टरवर येईल. मी चिडून बोलले, तुमच्या नियमापायी एक पोर वर्षभर अनवाणी फिरली. ती नियमापायी नव्हे तर माझ्यापायी फिरली, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मॅडमनी ते बोलून दाखवलं नाही.

“तिने तिचा जोड बहिणीला दिलाय, सुनंदा,” त्या म्हणाल्या. “आपण फक्त तो पोचवायचा. आता त्यात तुझी भर घालू नकोस.”

मागच्या वर्षीच्या चपलेत बोटभर जागा सोडलीय, तादालाचं यंदा त्यात निभेल, असं अंकल म्हणाले. मी रजिस्टरमध्ये कागदावरचं माप जसंच्या तसं लिहिलं. सिस्टरना कळवलं, की आम्हाला समजलंय हे तादालाला कळू देऊ नका.

अंकलनी लाल पट्ट्याच्या, एवढ्याशा चपला आणल्या. त्या खोक्यात ठेवून वर तादालाच्या नावाची चिठ्ठी मी माझ्या हाताने चिकटवली.

जानेवारीत पत्र आलं. तेच ठळक अक्षर, पण यंदा खाली एक फूल काढलेलं. ‘चपला मला अगदी बरोबर बसल्या. आभारी आहे.’

मी त्याचं मराठी केलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग फळ्यावरचं मागच्या वर्षीचं खरं पत्र काढलं आणि त्या जागी हे लावलं.