शर्यतीचा क्लच

"जगाला विचारतोय, बापाला विचारत न्हाई," मुक्ताबाई गॅरेजातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "जपानातल्या माणसालाबी फोन लावून झाला. आता घरातलाच तेवढा राह्यला."

ऋषीने मोबाइलमधून मान वर काढली नाही. त्याचा बाप, जयसिंग, उघड्या बॉनेटवर हात टेकून शेजारीच उभा होता.

रोटरी इंजिनाची ती जुनी जपानी गाडी बापलेकांनी धायरीच्या घरामागे शेडमध्ये मिळून उभी केली होती. मग जयसिंगला पक्षाघाताचा झटका आला. सुपरचार्जर ऋषीने एकट्याने बसवून घेतला. आता ती वाढीव ताकद जुन्या क्लचला पेलेना. पण नवा क्लच बसला की पहिला फेरा आपला, हे जयसिंगने घरादाराला सांगून ठेवलं होतं. म्हणून तर मुक्ताबाई नारळ घेऊन आल्या होत्या.

दशरथ मेकॅनिकने बाकड्यावर माल मांडला.

"हे जड फ्लायव्हील. गाडी सिग्नलला मऊ निघते. हे हलकं. इंजिन चटकन चढतं, पण निघताना पाय जरा चुकला की बंद. क्लचचंही तेच. हा साधा, तुमच्या सुपरचार्जरला पुरून उरेल. हा शर्यतीचा. दाबताना डाव्या पायाचा जीव काढतो."

"जड आणि साधा," जयसिंग म्हणाला. "मला चालवायचीय."

"हलकं. आणि शर्यतीचा," ऋषी म्हणाला.

"भाऊ, एवढ्याची गरज नाही," दशरथ म्हणाला.

"बसवा."

जयसिंगने आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. झटक्यापासून तो ओढतच चालायचा. "बरोबर आहे. तुझीच गाडी," तो हसला आणि चहा सांगायला निघाला. जाताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. तो तसाच पुढे गेला.

मुक्ताबाईंनी नारळ पिशवीत परत टाकला.

"पाय गेला म्हणून गाडीबी काढून घेतोस व्हय रे त्याची?"

"पायाचं नाही, आज्जी." ऋषीचा आवाज खाली आला. "शेजारची पोरगी आठव. स्कूटीवरची."

झटक्यानंतर जयसिंग घरची बिनक्लचची गाडी चालवत असताना तिचा धक्का लागून ती पोरगी गेटपाशी पडली होती. जयसिंगच्या डाव्या अंगाला. सगळ्यांनी मिळून दोष वॉचमनवर ढकलला होता. डावीकडचं वडिलांना दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही, असं डॉक्टरांनी ऋषीला बाहेर बोलावून सांगितलं होतं. तेव्हापासून घरच्या गाडीची बॅटरी उतरलेली असे, नाहीतर चावी सापडत नसे. जेवताना जयसिंगच्या ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राही. मुक्ताबाई भात वाढायच्या निमित्ताने ताट फिरवून ठेवत.

बाहेर जयसिंग चहावाल्याला या गाडीचं इंजिन कसं फिरतं ते हातवारे करून समजावत होता.

मुक्ताबाई उठल्या. दशरथसमोरच नातवापुढे उभ्या राहिल्या.

"गाडी नको चालवू, एवढंच बापाला तोंडानं सांगायचं हुतं. ते तू लोखंडाकडनं वदवलंस. आता जल्मभर त्यो सोताच्या पायाला शिव्या देत बसंल. भित्रा हायेस तू, ऋषी. आमच्या घराला शोभतोस."