ओल सोसणारी झाडं

जिरेनियमचं रोप कुंडीतून नुसत्या दोन बोटांनी निघालं. मातीला धरून ठेवायला मुळं उरलीच नव्हती. जी होती ती काळी आणि बुळबुळीत. कुंडी कलंडताच गढूळ पाण्याची धार मागच्या अंगणातल्या फरशीवर पसरली. सासरे जेवून पडले होते. ते उठायच्या आत सुनेला रोप कचऱ्याच्या पिशवीत घालून गाठ मारायची होती. पण ती पिशवी उघडत होती तेवढ्यात मागचं दार वाजलं.

"हे कोणी मारलं?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांच्या हातात भरलेली झारी होती.

"मी, बाबा."

"पाणी जास्त घातलंस."

"हो."

"किती वेळा सांगायचं गं तुला? मातीत बोट खुपसून बघायचं. ओलं लागलं की झारी खाली ठेवायची. झाडं तहानेनं मरत नाहीत एवढी लाडानं मरतात. अति तिथं माती!"

एवढं बोलून त्यांनी झारी शेजारच्या शेवंतीवर धरली. शेवंतीचं आज सकाळपासून हे कितवं पाणी, ते शेवंतीलाच ठाऊक. तिच्याखालची बशी केव्हाच भरून वाहत होती. सून पिशवीला गाठ मारत म्हणाली, "मीच, बाबा. माझंच चुकलं. लक्षात राहत नाही माझ्या." सासरे पुढचं वाक्य बोलणार होते, ते बोलले नाहीत. झारी तिरकी धरून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि झारी रिकामी झाल्यावर आत निघून गेले.

सासरे शहराच्या पाणीपुरवठ्यात होते. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून सायकलवरून हिंडायचे, एकेका गल्लीचं पाणी सोडायचे आणि बंद करायचे. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून एकही गल्ली राहिली नाही, असं त्यांचे सोबती अजून सांगत. आता झारी रिकामी करून ते खुर्चीत टेकले की पाणी घातल्याचं विसरायचे. मग "अरे, झाडं राहिली" म्हणत पुन्हा उठायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढतच जाणार; त्यांच्या चुका त्यांना दाखवत बसू नका.

आधी झारी लपवून बघितली. ही कल्पना तिच्या नवऱ्याची. तो दिवसभर आपल्या चष्म्याच्या दुकानात असायचा आणि तिथून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. झारी माळ्यावर गेली त्या दिवशी सासऱ्यांनी घरातली सगळी कपाटं उघडली. मग चहाच्या कपातून पाणी न्यायला लागले. स्वयंपाकघरापासून मागच्या दारापर्यंत पाणी सांडलं होतं. "एक गल्ली राहिलीय," ते सुनेला सांगत होते, "लोक हंडे लावून बसलेत गं." संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं झारी खाली काढून जागेवर ठेवली.

पहिली मेली ती अबोली. तेव्हा सासरे तिच्यापुढे उभे राहून स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले होते. "सूनबाई, मीच घातलं का गं एवढं पाणी? मला आठवत नाही." त्यांचा चेहरा असा झाला होता की तिला बघवेना.

"छे हो, मी घातलं," ती बोलून गेली.

आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं तिला समोर दिसलं. त्यांनी तिला मनापासून झापलं. तेव्हापासून अंगणात काहीही मेलं की ते तिच्या नावावर.

"चोराच्या उलट्या बोंबा," नवरा म्हणाला. "आणि तू ऐकून घेतेस?"

"ऐकलं म्हणून माझ्या अंगाला भोकं पडतात का?"

"आणि गुलाब गेला की काय करशील?"

कोपऱ्यातला गुलाब सासूबाईंनी काडी लावून वाढवलेला होता. सासूबाई गेल्या आणि गुलाब राहिला. त्याची खालची पानं आता पिवळी पडून गळत होती. एकदा तिनं तो उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, तर सासरे दुपारभर "आपला गुलाब कुठं गेला" विचारत रडवेले झाले. तो परत कोपऱ्यात न्यावा लागला होता. अबोलीचा दोष तिनं घेतला, जिरेनियमचाही घेतला. पण तो गुलाब मेला तर तिनं कितीही "मी, मी" म्हटलं तरी त्यांचं दुःख तसूभर कमी होणार नव्हतं.

सून फर्निचरच्या एका कारखान्यासाठी स्वयंपाकघरांचे आराखडे काढायची. ओटा कुठं, सिंक कुठं, पाणी येणार कुठून आणि जाणार कुठं, हा तिचा रोजचा उद्योग. या उद्योगात ती इतकी बुडालेली असायची की चष्मा कपाळावर चढवून घरभर तोच शोधायची. चष्मेवाल्याची बायको, म्हणून नवरा हसायचा. आपल्या कामाच्या टेबलावर एका दुपारी तिनं एका श्रीमंत बाईचं स्वयंपाकघर बाजूला सारलं आणि कोऱ्या कागदावर मागचं अंगण काढलं. झारी थांबवता येत नव्हती. मग पाण्याला वाट करून द्यायची, एवढंच उरलं होतं.

सासरे तिच्या खांद्यावरून डोकावले. "उतार कुठं धरलास?"

"इकडे, सांडपाण्याच्या जाळीकडे."

"चल."

त्यांनी तिला अंगणात नेलं आणि तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं. पाणी जाळीकडे गेलंच नाही. ते शांतपणे भिंतीकडे निघालं, तिथं वळलं आणि मग लांबच्या वाटेनं जाळीपाशी पोचलं.

"बांधणाऱ्यानं फसवलंय," सासरे खूश होऊन म्हणाले. "कागदाला काय कळतंय? ओतून बघावं लागतं."

तिनं सगळा आराखडा त्या ओल्या रेषेवर पुन्हा बेतला. सुटीच्या दिवशी नवऱ्याला ड्रिल देऊन गुडघ्यांवर बसवलं. जुन्या कुंड्यांच्या तळाला मोठाली भोकं पडली. त्यांत विटांचे तुकडे, वर जाड वाळू आणि नारळाचा काथ्या, माती अगदी नावाला. आणि प्रत्येक कुंडी दोन विटांवर उचललेली. भिंतीलगत तीन मोठे टब, एकापेक्षा एक थोडा खाली. पहिल्यातलं जास्तीचं पाणी नळीनं दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात आणि तिथून जाळीत. टबांत तिनं पाण्यात पाय सोडून बसणारी झाडं लावली: वेखंड, लव्हाळं, कर्दळ, आणि खालच्या टबात वॉटर लिली. काठाला पुदिना. यांना दिवसभर कोणी पाणी घालत बसलं तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं.

सासरे स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. "चिरंजीव, ती नळी बोटभर खाली घ्या. चष्मे विकून उतार कळत नाही." चिरंजीव निमूटपणे नळी खाली घेत होते.

त्या धांदलीत गुलाब नाहीसा झाला. संध्याकाळी तिनं कुंड्या जागेवर लावल्या आणि कोपरा रिकामाच राहिला.

"तू टाकलास?" तिनं नवऱ्याला आत ओढून विचारलं.

"आईचा गुलाब मी टाकीन?"

मग मेलेल्या रोपांच्या पिशवीबरोबर तो कचऱ्यात गेला असणार. दोघांनी मान खाली घातली. सासऱ्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. आता ते विचारतील, मग विचारतील, असं तिला वाटायचं. पण ते विचारेनात. रोज त्या रिकाम्या कोपऱ्यावरून झारी घेऊन जायचे आणि तिकडे बघायचेसुद्धा नाहीत. गुलाब विसरले म्हणजे आता सासूबाईही पुसल्या जाणार, असं तिला वाटलं.

अंगण मात्र फोफावलं. कर्दळीला लाल तुरा आला, लव्हाळं कमरेएवढं झालं. सासरे पाणी घालायचे, आत जायचे, परत येऊन घालायचे. पाणी तिन्ही टबांतून खळखळत जाळीत जायचं. कोणीच मरत नव्हतं, त्यामुळे तिला बोलणीही बसत नव्हती.

आणि गंमत म्हणजे हेच तिला बोचायला लागलं. दूध उतू गेलं तरी सासरे रागवायचे नाहीत. उलट गॅस बंद करून फडकं तिच्या हातात द्यायचे. ती चष्मा शोधायला लागली की हळूच म्हणायचे, "डोक्यावर आहे हं." पूर्वी त्यांनी हसून घर डोक्यावर घेतलं असतं. माणूस आतून मऊ पडत चाललाय, उतरणीला लागलाय, असं तिनं नवऱ्याला सांगितलं.

एक दिवस तिनं सासऱ्यांच्या खोलीतले पडदे धुवायला काढले. कोपऱ्यातल्या खिडकीचा पडदा कायम ओढलेला असायचा. तो बाजूला झाला आणि मागे, रुंद कट्ट्यावर, गुलाबाची कुंडी दिसली.

ती तिथंच खाली टेकली. वरची माती सुकून भेगाळली होती. तिनं बोट खुपसलं. खोल कुठेतरी थोडीशी ओल होती. पिवळी पानं गळून गेली होती. आणि फांदीच्या डोळ्यांतून तांबूस, बारीक, चकचकीत नवी पालवी फुटली होती. इथं नळ नव्हता, झारी नव्हती. इथं ठेवला आणि ठेवणाऱ्याला त्याची क्वचितच आठवण झाली, म्हणून तो वाचला होता.

"सापडला वाटतं," मागून आवाज आला.

सासरे दारात उभे होते. आधी त्यांनी कुंडीकडे अनोळखी नजरेनं पाहिलं. मग काहीतरी आठवलं आणि त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"तुम्ही ठेवलात, बाबा?"

"रागावू नकोस. तुझ्यापासून लपवला."

"माझ्यापासून?"

ते पलंगाच्या कडेला बसले आणि शेजारची जागा थोपटली. ती उठून बसली. ते आवाज खाली आणून बोलायला लागले.

"चिरंजीवांना मी काही बोललो नाही. तो उगाच डॉक्टर-बिक्टर करत बसेल. पण तुला हल्ली आठवत नाही, सूनबाई. पाणी घालतेस आणि पुन्हा घालतेस. चष्मा डोक्यावर असतो आणि तू घरभर फिरतेस. मी आधी रागवायचो. मग त्या दिवशी तुझं तोंड बघितलं. नुसती 'मीच, बाबा, मीच' म्हणत होतीस. म्हटलं, हिला कळतंय, पण हिच्या हातात नाहीये. रागवून काय मिळवतोय मी?"

तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. चष्मा तिथंच होता.

"म्हणून तर ती पाण्यातली झाडं लावून घेतली," सासरे म्हणाले. "तुझ्यासाठी. त्यांना घाल हवं तेवढं, काही होत नाही. हा तेवढा नाजूक, म्हणून इकडे आणला. तुझ्या हातून गेला असता तर तुलाच लागलं असतं मनाला."

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नकोस. होतं असं माणसाला. आपल्या घरात आहेस तू. इथं तुला कोणी बोलणार नाही, आणि कोणी टाकणार नाही."

तिला रडू फुटलं. हे, अगदी याच शब्दांत, तिला त्यांना सांगायचं होतं. रोज सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर आधी त्यांना त्यांचा आजार सांगावा लागला असता, आणि ते तिच्यानं झालं नव्हतं.

"होतं खरं माझं असं, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "भीती वाटते कधीकधी."

"वाटणारच." त्यांनी अंगठ्यानं एका पानावरची धूळ पुसली. "याला आज पाणी हवंय. तू घाल. मी आहे इथं."

तिनं पलंगाजवळचा पाण्याचा पेला उचलला आणि मुळाशी हळूहळू ओतला. सासऱ्यांनी मातीत बोट खुपसून ठेवलं होतं.

"बास," ते म्हणाले.

तिनं पेला सरळ केला.

"आता असं करायचं," सासरे म्हणाले. "पाणी घातलंस की मला सांगत जा. लक्षात मी ठेवीन."

"बरं, बाबा. आत्ता घातलं हं."

"घातलंस," त्यांनी मान हलवली, आणि विसरायला नको म्हणून बोटाला लागलेली ओली माती पुसलीच नाही.