दांडीतला पीळ

"तारा बदलल्यात कधी, मास्तर?" चौतारी हातात घेता घेताच थोरल्याने विचारलं.

"काल संध्याकाळी. चारही नव्या चढवल्या, आणि तेव्हापासून ही जाडी तार नुसती खरखरतेय. दांडीवरचा कुठलाही पडदा दाबा, डब्यात माशी अडकल्यासारखी! उद्या कार्यक्रम आहे हो. ताई लाकूड बघायला परगावी गेल्यात, नाहीतर तुम्हाला कशाला त्रास दिला असता."

हे शेवटचं वाक्य मास्तरांनी बोलायला नको होतं.

ताई म्हणजे थोरल्याची धाकटी बहीण. वडिलांचं वाद्यांचं दुकान थोरल्याकडे आलं, आणि धाकटीने मागच्या गल्लीत एका खोलीत आपला वेगळा संसार थाटला. संसार कसला, चार पटाशा आणि एक करवत! पण मास्तरांच्या भजनी मंडळाने सहा नव्या चौताऱ्यांचं काम दिलं ते तिला. वर्षानुवर्षं ज्यांच्या खुंट्या थोरल्याने घासून दिल्या, त्या लोकांनी! त्या दिवसापासून थोरल्याला जेवण गोड लागत नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, बहीणच आहे ना ती?" तर तिच्यावरच खेकसला. आता परकं कुणी पुढे गेलं असतं तर माणूस सोसतो एकवेळ. सख्खी बहीण पुढे गेली की सकाळ-संध्याकाळ पोटात दुखतं. वडील जाताना काय म्हणाले, तर "पोरीचा हात लागला की लाकूड बोलतं." थोरला उशाशीच उभा होता. त्याच्याबद्दल अवाक्षर नाही.

सहातली ही पहिली चौतारी. थोरल्याने ती उजेडात धरली आणि दोष त्याला तिथल्या तिथे दिसला.

तारांखालची घोडी उलटी बसली होती. बस, एवढंच! चौतारीची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. तिची एक बाजू केसभर उंच असते, ती जाड्या तारेखाली यायला हवी, म्हणजे तार पडद्यांना घासत नाही. मास्तरांनी चारही तारा एकदम काढल्या, घोडी पडली, आणि उचलून ठेवताना फिरली. दोन मिनिटांचं काम. दांडी मात्र कशी होती? एक डोळा मिटून थोरल्याने तिच्यावरून नजर नेली, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला त्याच्या. एवढी सरळ दांडी त्याने उभ्या जन्मात केली नव्हती.

"काय झालंय हो?" मास्तरांनी विचारलं.

"दांडीला पीळ आहे," थोरला म्हणाला.

शब्द तोंडातून गेला, आणि गेला तो गेला.

"अरे देवा! मग उद्याचं?"

"उद्यापुरतं भागवून देतो. चहा पिऊन या."

मास्तरांची पाठ वळताच थोरल्याने तारा सैल केल्या, घोडी फिरवली, तिच्या खुणेच्या रेघेवर आणली आणि तारा पुन्हा ताणल्या. जाडी तार छेडली तर असा गोल, भरलेला आवाज आला, की त्याने पटकन तारांवर हात ठेवला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कशाला ऐकायला हवा!

मास्तर परत आले, वाजवून बघितलं आणि खूश झाले. "शेवटी जुनं ते सोनं," म्हणाले. आठवड्याच्या आत उरलेल्या पाच चौताऱ्यांचं काम थोरल्याकडे आलं.

त्यानंतर चार दिवसांनी धाकटी दुकानात आली. थोरला नव्या दांडीला रंधा मारत होता. आता ही जाब विचारणार म्हणून त्याने मनाशी उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण तिने खांद्यावरचं पोतं उतरवलं आणि जमिनीवर उपडं केलं. दांड्यांचे तुकडे खडखडत बाहेर आले.

"हे काय गं?"

"माझ्या दांड्या. चार कापल्या."

"कापल्यास? वेडी आहेस का? मला विचारायचंस तरी!"

"विचारायचं काय त्यात? सगळ्या एकाच ओंडक्याच्या. एकीला पीळ, तर बाकीच्यांनाही असणारच. उद्या कुणाच्या हातात गेल्या असत्या तर बाबांचं नाव खराब झालं असतं." तिने पोत्यातून पाचवी, अख्खी दांडी काढली. "ही तेवढी शिकायला ठेवलीय. कालचा आख्खा दिवस दोरा लावून बघतेय रे दादा, मला मेलीला सरळच दिसते. बाबा म्हणायचेच, पोरी, तुझा हात चांगला, पण नजर दादाची. त्याला पीळ लांबून दिसतो."

"बाबा... असं म्हणायचे?"

"सारखे! तुला नाही म्हणाले कधी? मी काय जळायचे तुझ्यावर!" ती हसली. "दाखव ना, कुठे आहे?"

थोरल्याने दांडी खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटला. दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. आता सांगावं, सगळं सांगून मोकळं व्हावं, असं अगदी त्याच्या ओठांवर आलं. ती शेजारी वाट बघत उभी होती. तिला त्याच्या नजरेची खात्री होती, आणि ती खात्री त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडून तरी मिळत होती.

"इथे," तो म्हणाला आणि दांडीच्या मधोमध बोट टेकवलं.

धाकटीने तिथे अंगठा ठेवला. डोळे मिटून ती बराच वेळ तो पुढे-मागे फिरवत राहिली.

"हो रे," ती म्हणाली, "आता लागला हाताला."