ना हरकत

लिफ्टच्या पोलादी दोराचा तो तुकडा अर्जावर आडवा पडला होता – अंगठ्याएवढा जाड, वीतभर लांब, आणि मधल्या पेडातून वर आलेली तुटक्या तारांची टोके अजून तशीच, दोन दिवसांच्या दाढीसारखी... एकोणीस वर्षांपूर्वी आपणच तो कापून या टेबलावर ठेवला होता, पुरावा म्हणून. धर्मगुरूंनी त्याचा कागददाब केला. आणि आज त्याच्याखाली आपल्या मुलीच्या लग्नाचा अर्ज आहे, हे त्याने चष्मा न बदलताच ओळखले. सहीची जागा कोरी होती.

"इन्स्पेक्टर, आधी चहा घ्या," धर्मगुरू म्हणाले. "चहाला दाखला लागत नाही."

निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली तरी इथे तो इन्स्पेक्टरच होता. धर्मगुरू चालवत असलेल्या या वृद्धाश्रमाची लिफ्ट बावीस वर्षे त्यानेच तपासली, म्हणून तर सकाळी मुलगी म्हणाली होती, "बाबा, तुम्ही जा. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत – त्यांची लिफ्ट तुम्ही पडू दिली नाहीत ना!" आणि हसता हसता तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. नोंदणी कचेरीत होईलच, ते तिलाही ठाऊक होते. पण आईचा हात शेवटच्या दिवसांत ज्यांनी धरून ठेवला, त्यांनीच आपला हात होणाऱ्या नवऱ्याच्या हातात द्यावा, एवढेच तिचे मागणे. आई गेल्यापासून तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

"पोरगा खरा आहे हो," धर्मगुरू म्हणाले. "ह्याच खुर्चीत बसून म्हणाला, मी देव मानत नाही, ती मानते, आणि मी तिला मानतो."

"मग अडलं कुठं?"

"खरा आहे तिथंच. विधीतला पहिला प्रश्न – देवाला साक्षी मानतोस का? तो काय सांगणार? हो म्हणाला तर खोटं; नाही म्हणाला तर पुढचा विधीच नाही. आणि विचारणारा मी."

"तो एक प्रश्न गाळा ना. एकाच प्रश्नाचा तर प्रश्न आहे."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले. एकाच तारेचा तर प्रश्न आहे – हे वाक्य त्या दुपारी बाह्या सरसावून धर्मगुरू म्हणाले होते, तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि पाठ सरळ होती. वीतभर लांबीत दहा तुटक्या तारा नियमाने चालत; त्याने तीन वेळा मोजल्या, भिंगातून, आणि तिन्ही वेळा अकरा. वर चौदा म्हातारी माणसे आहेत इन्स्पेक्टर, जिना त्यांना जमत नाही... आणि मी म्हणालो, दहाला सही, अकराला सील. केवढा गर्व होता मला त्या वाक्याचा! पुढे तंत्रनिकेतनात व्याख्यानाला बोलावत तेव्हा मी ते फळ्यावर लिहीत असे. नवा दोर यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत इथे काय झाले, हे विचारायला मी एकदाही आलो नाही – सील लावले, घरी गेलो, पोटभर जेवलो.

"त्या वेळी माणसं पडली असती," तो म्हणाला, आणि आवाज चढला हे त्याला आवडले नाही. "इथं कोण पडणार आहे?"

धर्मगुरूंनी दोराचा तुकडा उचलला, तारांच्या टोकांवरून हलकेच बोट फिरवले.

"मी," ते म्हणाले.

चहावर साय धरली होती. या माणसाला हट्टी म्हणता आले असते, कोत्या मनाचा म्हणता आले असते, तर किती सोपे झाले असते; तो तेवढ्यासाठीच तर राग बरोबर घेऊन आला होता... आणि तरी मुलीचे मागणे जिथल्या तिथेच होते, एका केसानेही कमी झाले नव्हते. दोन्ही मापे अचूक, आणि दार चौकटीत बसत नाही – असे त्याच्या उभ्या नोकरीत कधी झाले नव्हते.

"लग्नाला माझी हरकत नाही," धर्मगुरू म्हणाले. "कचेरीतलं उरकलं की जेवण कुठं ते कळवा. मी लवकर येईन, खुर्च्या मांडायला. पाठ वाकते आता, पण खुर्च्यांचा सराव आहे मला."

ते हसले. तो हसला नाही.

खोलीबाहेर, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट उभीच होती. आत चौकटीत दाखला, त्याच्या जागेवर आलेल्या कुणाची तरी नीटस सही. त्याने दार उघडले, पुन्हा लावले, आणि जिन्याकडे वळला. सील लावले त्या दिवसानंतर तो या जिन्याने कधी उतरला नव्हता. आपण पास केलेली लिफ्ट असताना जिना कशाला? खाली अंगणात दोघे वाट पाहत असणार. काय सांगायचे? त्यांची हरकत नाही... वाक्य खरे होते. 'ना हरकत' – उभ्या आयुष्यात हजारो कागदांवर लिहिलेले. आणि त्यातला पहिला शब्द 'ना' आहे, हे आज कळावे?

वळणावर त्याचा हात भिंतीला लागला. रंगाचे थर चढले होते, तरी बोटांना कळले – कमरेच्या उंचीवर लांब, तिरके चरे. पुढच्या वळणावर तसेच. त्याच्या पुढच्याही. माणसासकट उचलून नेलेल्या खुर्चीचे पाय जिथे जिथे वळताना घासले असतील, तिथे तिथे. चौदा माणसे, तीन महिने, खाली आणि वर.

सवयीने अंगठा चऱ्यात गेला; खोली किती, हे त्याला मोजावेसे वाटले नाही.

"बाबा?" खालून मुलीचा आवाज आला. "झाली सही?"

उत्तर तयार होते, ओठांपर्यंत आलेही होते. पण हात भिंतीवरून निघेना... आणि त्या हाताला, मुलीचा की त्या वाकलेल्या पाठीचा, कुणाचा ते न कळणारा भार हळूहळू जाणवत राहिला.