पेटीपासून दहा पावलं

तपासनीस बाई पांढऱ्या पेटीपासून बकरीपर्यंत पावलं मोजत गेल्या. साडेअकरा भरली. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला, तेवढ्यात बकरी दोन पावलं पेटीकडे सरकली. बाईंनी आकडा खोडला आणि पुन्हा मोजायला घेतलं.

"ही रोज इथेच असते?" त्यांनी विचारलं.

"तिला नेमणूकपत्र दिलेलं नाही," पाराकाका म्हणाले. "पण येते."

एरवी त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकून बरं वाटलं असतं. आज वाटलं नाही. हवामान खात्याचं पत्र शर्टाच्या खिशात होतं आणि त्यातली एक ओळ त्यांना पाठ झाली होती: 'नोंदींच्या सत्यतेविषयी शंका आहे.' एकतीस वर्षं, ताप असो की घरी पाहुणे असोत, दुपारी दोनच्या ठोक्याला त्यांनी अंगणातल्या या पेटीचं झापडीचं दार उघडलं होतं, पारा वाचला होता आणि आकडा खात्याला कळवला होता. आधी तारेने, मग फोनने, आता मोबाइलवर. सगळं गाव त्यांना पाराकाका म्हणायचं. खरं नाव फक्त पत्रावर होतं, आणि आज तेही शंकेच्या शेजारी बसलं होतं. बाईंनी अहवालात 'खोटं' असं लिहिलं, की पेटी उचलून अग्निशमन केंद्राच्या आवारात जाणार होती, आणि पाराकाकांना दोन वाजता करण्यासारखं काहीच उरणार नव्हतं.

शंका यायला कारण होतं. तीन उन्हाळ्यांपूर्वी बऱ्याच देशांनी एकत्र बसून तापत्या जगाबद्दल काळजी व्यक्त केली, आणि त्या काळजीतून एक कायदा निघाला. दोनच्या नोंदीत पारा चाळीसवर गेला, की गावात भोंगा वाजवायचा आणि पाच वाजेपर्यंत उन्हातली सगळी कामं बंद ठेवायची. मजुरी कापायची नाही. गावाने नगरपालिकेच्या गच्चीवर लालभडक भोंगा बसवला. तो एकदाही वाजला नाही. पारा एकोणचाळीस पूर्णांक सहापर्यंत यायचा, एकदा तर आठपर्यंत आला, पण चाळीसचा उंबरा काही ओलांडायचा नाही. भोंग्यात कबुतरांची तिसरी पिढी वाढत होती.

नदीपलीकडच्या गावात मात्र उन्हाळाभर भोंगा व्हायचा. वारा पडला की तो इकडेही ऐकू यायचा. मग इकडचे छतावरचे लोक हातोडा खाली ठेवायचे, आपल्या भोंग्याकडे बघायचे आणि हातोडा परत उचलायचे.

त्या छतावरच्या लोकांत पाराकाकांची लेक होती. पत्र्याची छतं घालणारी पाच जणांची टोळी तिच्या हाताखाली होती. मागच्या उन्हाळ्यात त्यातला एक भोवळ येऊन खाली पडला. नशिबाने खालून गाद्यांचा ट्रक चालला होता. ट्रक नदीपलीकडे पोहोचला तेव्हा तिथे भोंगा झालेला असल्यामुळे माल पाचनंतर उतरवला, आणि तेव्हा गाद्यांत घोरणारा माणूस सापडला. सगळे खूप हसले. लेक हसली नाही. त्या दिवसापासून तिने वडिलांशी हवेबद्दल बोलणं बंद केलं, आणि वडिलांकडे दुसरा विषय नसल्यामुळे बाप-लेकीचं बोलणंच बंद झाल्यासारखं झालं.

जगाच्या नकाशावर या गावाचा ठिपका निळा होता. भोवती दोनशे मैल सगळं लाल. नगराध्यक्षांनी वेशीवर 'सर्वांत थंड गाव' अशी पाटी लावली होती आणि पाहुण्यांसमोर ते कोट घालून, घामाने निथळत उभे राहायचे. एका विद्वानाने या थंडाव्याचं श्रेय जमिनीखालच्या नदीला दिलं होतं, दुसऱ्याने उत्तरेकडच्या टेकडीला. दोघेही गावात कधी आले नव्हते आणि आता एकमेकांशी बोलत नव्हते.

तपासनीस बाई स्वतः आल्या होत्या. तरुण होत्या, आणि बकरीवर त्यांचा दाट संशय होता.

एक वाजता त्यांनी स्वतःचा तापमापक पेटीतल्या तापमापकाशेजारी टांगला. दोन्ही एकेचाळीस पूर्णांक दोन दाखवत होते. त्यांनी भुवया उंचावल्या.

"काका, हे तर आत्ताच चाळीसच्या वर आहे."

"एकला मी बघत नाही. नियम दोनचा आहे."

"दोनला अजून वाढेल."

"आमच्याकडे उतरतं," पाराकाका म्हणाले. मग जरा अभिमानाने, "गावच तसं आहे."

बाई बकरीपासून तीन हातांवर उकिडव्या बसल्या आणि डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवू लागल्या. पाराकाका झाकणाचं घड्याळ हातात धरून सावलीत उभे राहिले. त्यामुळे मागच्या दारातून त्यांच्या पत्नी, काकू, बादली घेऊन आल्या, त्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. अंगणात दोऱ्यांची जागा एकच होती, पेटीच्या चारही बाजूंना. काकूंनी ओल्या, न पिळलेल्या आठ चादरी एकेक करून टाकल्या. चिमटे तोंडात धरलेले असल्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत. पाणी टपटपत राहिलं. पेटी दिसेनाशी झाली.

दोनला दोन मिनिटं असताना बाई उठल्या, चादरी बाजूला सारत पेटीपाशी गेल्या आणि पाराकाकांच्या खांद्यावरून आत डोकावल्या. एकोणचाळीस पूर्णांक चार. त्यांचाही तापमापक तेच सांगत होता.

"बघा," पाराकाका म्हणाले. "मी जे दिसलं तेच लिहिलं. एकतीस वर्षं."

"पण बकरी तर तिकडे—" बाई वळल्या, आणि वाऱ्याने फुगलेली एक ओली चादर फटकन त्यांच्या तोंडावर बसली.

चादरीवर आतून एक बोट टेकलं आणि टपटपणाऱ्या कडेपर्यंत सरकत गेलं.

"काकू," शेवटी आतून आवाज आला, "या रोज याच वेळी असतात का?"

पाराकाकांना वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बाजूने कुणीतरी सरकारी माणूस उभा राहिला. "हेच मी एकतीस वर्षं सांगतोय. कपडे सकाळी धुवायचे असतात. अख्खं जग सकाळी धुतं. ही एकटी भर दुपारी. सांगून सांगून जिभेला फोड आले."

"घरात माणसं किती?"

"दोन."

"आणि चादरी आठ?"

"धूळ फार असते," काकू म्हणाल्या. चिमटे आता हातात होते.

बाईंनी खात्याची पुस्तिका काढली. पेटीपासून दहा पावलांच्या आत काय नसावं, याची त्यात यादी होती: झाड, भिंत, पाण्याचा साठा, जनावर. कपड्यांचा उल्लेख नव्हता. यादी करणाऱ्याच्या घरी बहुधा सकाळीच धुणं व्हायचं.

आत स्वयंपाकघराच्या टेबलावर एकतीस वह्या मांडल्या. एवढ्यात लेकही आली, केसांत पत्र्याचा कीस, मानेवर उन्हाचा पट्टा. काय निकाल लागला ते ऐकायला म्हणून दारातच उभी राहिली. बसली नाही. तपासनीस बाई उन्हाळ्यांची पानं चाळत होत्या, आणि जिथे पारा अचानक चढला होता तिथे बोट ठेवत होत्या.

"इथे चार दिवस चाळीसच्या वर आहेत. अठ्ठावीस वर्षांपूर्वी."

"ही झाली तेव्हा," काकूंनी दाराकडे मान केली. "दवाखान्यात होते."

"इथे अकरा दिवस."

"बहिणीचा पाय मोडला होता. तिच्याकडे गेले होते."

"आणि इथे तीन दिवस? बेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस."

पाराकाका छताकडे बघू लागले.

"भावाकडे गेले होते," काकू म्हणाल्या. "भांडण झालं होतं."

"कशावरून?"

"कपडे कधी धुवायचे यावरून."

बाईंनी तेही लिहून घेतलं. गावाच्या हवेचा इतिहास म्हणून खात्याने जे जपून ठेवलं होतं, त्यात काकू कधी घरी होत्या आणि कधी नव्हत्या याची एकतीस वर्षांची बिनचूक नोंद होती. लेकीला हे समजायला थोडा वेळ लागला. मग ती हळूच आत येऊन आईसमोर बसली.

"म्हणजे आई, आमचा भोंगा तू दोरीवर वाळत घातला होतास."

काकूंचा चेहरा उतरला. "मला काय ठाऊक तुमचा भोंगा याच्यावर आहे," त्या म्हणाल्या. "मी आपली—" आणि थांबल्या. टेबलावरचा एक चिमटा घेऊन उघडझाप करत राहिल्या.

"हिवाळ्यातही दोनलाच धुता?" बाईंनी विचारलं.

"हिवाळ्यात सकाळी."

हिवाळ्यात या घरात धुण्यावरून भांडण होत नाही, एवढं पाराकाकांना माहीत होतं. का होत नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

बाईंनी आता सगळ्यात खालची वही ओढली. पहिल्या वर्षाची. कडा पिवळ्या पडलेल्या, आकडे तरुण हाताने घोटून काढलेले. त्यांनी उन्हाळ्याचं पान काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यातली ओळ मोठ्याने वाचली.

"'बेचाळीस पूर्णांक एक. निरीक्षकास पेटीपाशी भोवळ. नोंद दहा मिनिटं उशिरा.'"

त्या पुढची ओळ वाचणार होत्या. वाचली नाही. वही फिरवून त्यांनी पाराकाकांसमोर सरकवली आणि बाटलीचं झाकण उघडून पाणी पीत बसल्या.

पाराकाकांनी चष्मा लावला. दुसऱ्या दिवशीच्या तारखेपुढे एकोणचाळीस पूर्णांक नऊ होतं. तिसऱ्या दिवशी पूर्णांक सात. त्यांनी बोट आकड्यांवरून खाली नेलं, पान उलटलं, पुन्हा खाली नेलं. बराच वेळ ते वहीच वाचत राहिले. काकू उठून, चादरी वाळल्या का बघून येते, असं म्हणत अंगणात गेल्या. चादरी टाकून अजून तास झाला नव्हता.

अहवाल बाईंनी तिथेच लिहिला. त्यात एवढंच होतं की निरीक्षकाच्या नोंदी अक्षरशः खऱ्या आहेत, फक्त त्या गावाच्या हवेच्या नसून धुण्याच्या हवेच्या आहेत. दोऱ्या दहा पावलांबाहेर न्याव्यात, पेटी आणि निरीक्षक आहेत तिथेच राहावेत. बकरीचा उल्लेख त्यांनी 'निर्दोष' असा केला. जाताना त्यांनी काकूंकडून एक कोरडी चादर मागून घेतली. कार्यालयात पुरावा लागतो, म्हणाल्या. संध्याकाळी नगराध्यक्षांचा फोन आला. पालिकेच्या खर्चाने सोळा चादरी द्यायची त्यांची तयारी होती. पाराकाकांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोनला अंगण मोकळं होतं. सकाळीच पाराकाकांनी खांब उपटून स्वयंपाकघराच्या दाराकडे रोवले होते, पेटीपासून अकरा पावलांवर. एक पाऊल खात्याच्या समाधानासाठी. ते रणरणत्या उन्हात पेटीकडे निघाले, तशा काकूही त्यांच्या मागून निघाल्या, हातात भिजवलेला पंचा घेऊन. दहाव्या पावलाच्या खुणेवर येऊन थांबल्या. नियम म्हणजे नियम. तिथून त्या टाचा उंचावून बघत राहिल्या, नवरा पडतो का.

पडला नाही. त्याने पारा तीनदा वाचला.

"बेचाळीस पूर्णांक तीन," पाराकाका ओरडले, जणू परीक्षेचा निकाल. आणि आकडा कळवला.

गच्चीवर कुणीतरी कळ दाबली. आधी भोंग्यातून कबुतरं निघाली, तिन्ही पिढ्या. मग थोड्या काड्या. मग गाईला झोपेतून उठवल्यावर निघावा तसा एक हंबरडा निघाला, आणि तो चढत चढत गावभर पसरला. छतांवरचे हातोडे थांबले. कुणाला खरं वाटेना. आपल्याच भोंग्याचा आवाज ओळखीचा नसल्यामुळे काही जण नदीपलीकडे बघत होते. मग शिड्यांवरून माणसं उतरू लागली, आणि रस्त्यात जो भेटेल तो दुसऱ्याला, बेचाळीस, बेचाळीस, असं सांगत सुटला. एवढ्या उकाड्याची बातमी इतक्या आनंदाने कुणी कुणाला दिली नसेल.

लेक तिची टोळी घेऊन सरळ घरीच आली. गाद्यांत सापडलेलाही त्यात होता. आल्या आल्या तो बकरीशेजारी भिंतीच्या सावलीत आडवा झाला.

"बाबा, उद्या किती होईल?" लेकीने अंगणातूनच विचारलं.

एका उन्हाळ्यानंतर तिने हवेबद्दल विचारलं होतं. पण बाबा अंगणात नव्हतेच.

काकू बादली घ्यायला मागच्या दारी गेल्या. बादली जागेवर नव्हती. नळाखाली, बाह्या कोपरापर्यंत सारून, पाराकाका उकिडवे बसले होते. साबण त्यांनी अंदाजे घातला होता. फेस गुडघ्यांपर्यंत आला होता. त्यातून त्यांनी एक चादर ओढून काढली, खांद्यावर टाकली आणि निथळत अंगणात नेली. मग दुसरी. मग तिसरी. टोळीच्या डोक्यावर आठ चादरींचं गार, ठिबकणारं छत तयार होत गेलं, आणि खाली लोक सरकून सरकून जागा करू लागले.

"कपडे सकाळी धुवायचे असतात," दारात उभ्या राहून काकू म्हणाल्या.

"पुस्तिकेत तसं कुठे लिहिलेलं नाही," पाराकाका म्हणाले, आणि आठवी चादर न पिळताच दोरीवर टाकली.